गाडी वर्कशॉपने ठोकली, मग क्लेम तुमच्या पॉलिसीवर का?

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी वर्कशॉपमध्येच ठोकली गेली, आता काय करू, हा प्रश्न या सदराकडे इतक्या वेळा येतो आहे की या खेपेला बाकीचे विषय बाजूला ठेवले. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी बरीच वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये उभं राहण्यात गेली. पत्रं वाचताना तीच गोष्ट पुन्हा दिसते: नुकसान भरून येण्यासारखं असतं, पण मला लिहिण्याआधीच मालकाने कुठेतरी सही करून ठेवलेली असते.

प्रश्न : माझी गाडी सहा वर्षांची, पेट्रोल, १२०० सीसी. संध्याकाळी वर्कशॉपच्या सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन आला, की वॉशिंगमधून गाडी काढताना डावीकडचे दोन्ही दरवाजे खांबाला घासले. ‘टेन्शन घेऊ नका, तुमच्या इन्शुरन्समधून करून देतो, फाइल चार्ज आम्ही भरू,’ असं म्हणाले. क्लेम फॉर्म व्हॉट्सॲपवर आलाय. सही करू का? (चिंचवड)

उत्तर : करू नका.

फाइल चार्ज म्हणजे पॉलिसीतली सक्तीची वजावट, क्लेममधला मालकाने स्वतः भरायचा भाग. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला ती १,००० रुपये असते. वर्कशॉप ते १,००० रुपये भरून मोकळं होणार आणि बाकीचा हिशेब तुमच्या गळ्यात येणार. तो हिशेब नीट बघा. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्याच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, असेल तर हे वाचतं, पण पाच वर्षांनंतर अनेक कंपन्या ते देत नाहीत. गाडी आणायला जाल तेव्हा हा फरक कोण भरणार, हे त्या फोनवर कोणी सांगितलं का?

त्याहून मोठा फटका नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के होतो. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा तुमचा मूळ हप्ता २०,००० रुपये आहे. आज तुम्ही १०,००० भरता. क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला २०,०००. त्यानंतर एकही क्लेम नसेल तर सवलत २०, २५, ३५, ४५ अशी चढत जाते, म्हणजे १६,०००, १५,०००, १३,०००, ११,०००. पाच वर्षांत तुम्ही २५,००० रुपये जास्त भरलेत, वर जीएसटी. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. पण चूक ज्याची, त्याने १,००० द्यायचे आणि तुम्ही हे भरायचं, हा कुठला न्याय?

आता त्या फॉर्ममधला ‘अपघात कसा झाला’ हा रकाना उघडून वाचा. असे फॉर्म पाठवताना तिथे बहुतेक वेळा ‘सोसायटीच्या पार्किंगमध्ये अज्ञात वाहनाने धडक दिली’ असं आधीच भरलेलं असतं, नाहीतर रकाना कोरा ठेवून ‘आम्ही भरतो’ म्हणतात. सही तुमची, म्हणजे खोटं विधानही तुमचं. माझ्यासमोर असा एक दरवाजा आला होता. कागदावर अज्ञात दुचाकी होती आणि ओरखड्यात वर्कशॉपच्या खांबाचा काळा-पिवळा रंग बसलेला होता, जमिनीपासून त्याच उंचीवर. तो क्लेम नाकारला गेला. नुकसान सोसलं ते मालकाने. ॲडव्हायझर तोवर दुसऱ्या शोरूममध्ये नोकरीला लागला होता. हे आठवलं की आजही मला वाईट वाटतं, कारण त्या गृहस्थांनी फॉर्म वाचलासुद्धा नव्हता.

तुम्ही एवढं करा. ‘अमुक तारखेला, तुमच्या ताब्यात असताना, तुमच्या कर्मचाऱ्याकडून हे नुकसान झालं. दुरुस्ती तुमच्या खर्चाने करून द्यावी,’ असा ईमेल वर्क्स मॅनेजरला पाठवा आणि लेखी उत्तर मागा. बऱ्याच डीलरांकडे अशा प्रसंगांसाठी त्यांचा स्वतःचा विमा असतो. तो नसेल तर पैसे त्यांनी पदरचे घालायचे. ते अडूनच बसले, तर खरं कारण लिहून तुमच्या विमा कंपनीकडे जाता येतं. कंपनी तुम्हाला पैसे देते आणि मग वर्कशॉपकडून वसूल करू शकते. पण त्याआधी वर्कशॉपला ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका, नाहीतर कंपनीचा तो मार्गच बंद होतो. आणखी एक, खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या ज्या मर्यादा छापलेल्या असतात त्यांत ‘मोटर ट्रेड’, म्हणजे गाड्यांचा धंदा, हा शब्द आहे. त्यावरून कंपनी प्रश्न काढू शकते. म्हणून फॉर्म भरण्याआधी पॉलिसी घेऊन कंपनीच्या क्लेम विभागाशी बोला, एजंटाशी नव्हे.

प्रश्न : जॉब कार्डाच्या (गाडी घेताना वर्कशॉप बनवतं त्या कामाच्या कागदाच्या) मागे ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलंय आणि खाली माझी सही आहे. आता काहीच करता येणार नाही, असं मित्र म्हणतो. (सांगली)

उत्तर : मित्राचं ऐकू नका. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे १८७२च्या करार कायद्याच्या भाषेत बेलमेंट, म्हणजे ठरलेल्या कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं. कलम १५१ सांगतं की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ती ताब्यात घेणाऱ्याने घेतलीच पाहिजे. ठरलेल्या कामाशिवाय गाडी वापरली, समजा वर्कशॉपचा मुलगा ती घेऊन जेवायला गेला आणि ठोकली, तर कलम १५४ आणखी कडक आहे. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमधून १९९८ साली व्हॅले पार्किंगला दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. पार्किंगच्या पावतीवर असंच ‘मालकाची जबाबदारी’ छापलेलं होतं. नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वतःचा निष्काळजीपणा झाकायला हॉटेलला त्या ओळीचा आधार घेता येणार नाही. तो निकाल हॉटेलबद्दलचा आहे, म्हणून तुमचं जॉब कार्ड वकिलांना दाखवून मगच नोटीस द्या.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्हला गेलेल्या मेकॅनिककडून एक दुचाकीस्वार जखमी झाला. मी गाडीत नव्हतो. माझा काय संबंध? (कोल्हापूर)

उत्तर : आरसी बुकावर नाव तुमचं आहे, हाच संबंध. मोटार अपघात न्यायाधिकरणात मालक आणि विमा कंपनी दोघांनाही पक्षकार करतात. आजच विमा कंपनीला लेखी कळवा, मेकॅनिकच्या लायसन्सची प्रत आणि जॉब कार्ड ताब्यात घ्या, आणि वकील गाठा. याचं उत्तर सदरातून देण्यासारखं नाही.

प्रश्न : वर्कशॉप दरवाजाला डेंटिंग-पेंटिंग करून देतो म्हणतंय. मेहुण्यांचं म्हणणं, एकदा पॅनल रंगवलं की गाडीची किंमत निम्मी होते, नवा दरवाजाच मागा. (ठाणे)

उत्तर : निम्मी होते हे कुणी मोजलंय? नवा दरवाजासुद्धा प्रायमर मारलेला येतो आणि तुमच्या रंगात त्याच शेडमध्ये रंगवला जातो. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. पुन्हा रंगवलेलं पॅनल २००च्या वर जातं, आणि रंगाची जाडी मोजणारा मीटर ५०० दाखवू लागला की खाली पुट्टी भरली आहे असं समजा. जुन्या गाड्या घेणारे हाच मीटर लावतात. म्हणून भांडायचं असेल तर पुट्टीवर भांडा. पत्रा आधी ओढून, ठोकून जागेवर आणला का, का खड्ड्यात पुट्टी भरून घासली? रंगाच्या आधी, पत्रा उघडा असताना, फोटो मागा. मेटॅलिक आणि पर्ल रंगात तर शेजारच्या पॅनलमध्ये रंग विरवत नेला नाही तर फरक उघड दिसतो, विशेषतः चंदेरी आणि पांढऱ्या गाडीत. गाडी ट्यूबलाइटखाली पाहून ताब्यात घेऊ नका. सकाळच्या उन्हात, कोरडी, धुतलेली पाहा. दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का, ते बोट फिरवून बघा.

दरवाजा, बोनेट, फेंडर हे बोल्टने बसतात, बदलणं सोपं. मागचं क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकाभोवतीचा पत्रा, मात्र वेल्डिंगचं असतं. ते कापून नवं लावण्यापेक्षा जुनं नीट सरळ केलेलं बऱ्याचदा चांगलं. दरवाजाचा काठ किंवा आतला बार वाकला असेल तर मेहुण्यांचं बरोबर, नवाच घ्या. हे फोटोवरून ठरवता येणार नाही, बाहेरच्या एखाद्या जाणत्या डेंटरला प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न : नुकसानभरपाई म्हणून फुकट सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) देतो म्हणतात. (नाशिक)

उत्तर : नको म्हणा.

प्रश्न : नवी गाडी घ्यायला गेलो तर मागच्या बंपरचा रंग वेगळा दिसला. विचारलं तेव्हा ‘यार्डातून आणताना थोडं लागलं होतं’ म्हणाले. नंबर पडलाय, बँकेचा हप्ताही सुरू होतोय. (म्हापसा)

उत्तर : डिलिव्हरी नोटवर सही केली नसेल तर थांबा. काय लागलं, काय बदललं, कोणत्या तारखेला, हे चॅसी नंबरसकट लेखी मागा, आणि तोच ईमेल गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागालाही पाठवा. बंपर प्लास्टिकचा असतो, नेहमीचा मीटर तिथे चालत नाही. त्यामुळे डिकी आणि दोन्ही क्वार्टर पॅनलवर मीटर लावून घ्या, धक्का आतपर्यंत गेला का ते तिथे कळेल. नोंदणी व्हायच्या आत दुसऱ्या चॅसी नंबरची गाडी मागणं सोपं होतं. तुमचा नंबर पडलाय म्हणजे ती झालेली आहे, म्हणून आता वकिलांचा किंवा ग्राहक पंचायतीचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी लिफ्टवरून एका बाजूने घसरली. वर्कशॉप म्हणतं फक्त खालचं कव्हर फाटलंय, घेऊन जा. (पुणे)

उत्तर : नेऊ नका. बॅटरी तळाशीच असते, तिच्या पेटीला बसलेला मार वरून दिसत नाही आणि त्याचा परिणाम उशिरा दिसू शकतो. कंपनीच्या बॅटरी इंजिनिअरचा लेखी तपासणी अहवाल आणि तळाची मोजमापं हातात आल्याशिवाय ती गाडी घरी चार्जिंगला लावू नका. तोवर ती त्यांच्याच आवारात राहू द्या.

प्रश्न : सहा आठवडे झाले, ‘पार्ट येतोय’ एवढंच ऐकतो. वर, सर्व्हिसिंगचं बिल भरल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सहा आठवडे फोनवर घालवलेत याचंच मला जास्त वाईट वाटतं. फोनचा पुरावा राहत नाही. आज ईमेल करा: पार्टची ऑर्डर कोणत्या तारखेला दिली, ऑर्डर नंबर काय, आणि अमुक तारखेपर्यंत गाडी मिळाली नाही तर पर्यायी गाडी किंवा रिक्षा-टॅक्सीचा खर्च मागेन. त्या दिवसापासूनची बिलं जपून ठेवा. ऑर्डरच दिलेली नाही, असं अशा ईमेलनंतर उघड झालेलं मी पाहिलंय.

सर्व्हिसिंगच्या कष्टाचे पैसे थकले असतील तर करार कायद्याच्या कलम १७०नुसार त्यांना गाडी अडवता येते. त्यांनीच केलेल्या नुकसानीच्या दुरुस्तीसाठी मात्र तो आधार लागू होत नाही. सर्व्हिसिंगचं बिल वेगळं मागा, ‘हक्क राखून’ असं लिहून भरा, आणि हा विषय संपवा. तरी हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. कागद ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याला दाखवूनच दाखल करा, कारण तारखा चुकल्या की चांगली बाजूही कमजोर होते.

प्रश्न : दुरुस्ती बाहेरच्या गॅरेजमध्ये करून बिल डीलरला दिलं तर चालेल का? (सोलापूर)

उत्तर : आधी त्यांची लेखी संमती आणि एस्टिमेटवर सही असेल तरच. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीलाही विचारा.

प्रश्न : गाडी देताना चारी बाजूंचे फोटो काढले तर ॲडव्हायझरला राग येतो. (डोंबिवली)

उत्तर : येऊ द्या. ओडोमीटर आणि पेट्रोलचा काटाही त्यांत घ्या, आणि फोटो घरी नाही, वर्कशॉपच्या दारात काढा.