चेहरा नसलेले फोटो

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. दिवाळीपासून खोलीचं दार लावून स्वतःचे फोटो काढत बसते. मी पाहिले, तर चेहरा एकातही नाही. मोकळे केस, भिंतीवरची सावली, माझ्या पैठणीचा पदर धरलेला हात. एक छान वाटला म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सासूबाई म्हणतात, फोन काढून घे. काय करू?
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, फोन घेऊ नका. आणि आजच तिची माफी मागा. तो फोटो तिचा होता.

चौदाव्या वर्षी आत्याने मला पहिली साडी नेसवून मांडवीजवळच्या स्टुडिओत नेलं. ‘हनुवटी खाली, हात मांडीवर,’ काका सांगत होते, आत्या पदर सारखा करत होती. फोटो पाहून सगळे म्हणाले, अगदी बाई दिसते! मला मात्र त्यात मी सापडेना. मग एका दुपारी बाबांच्या कॅमेऱ्याला टायमर लावला आणि धावत जाऊन गच्चीच्या दारात पाठमोरी उभी राहिले. साडी तीच, पण पदर खोचलेला, पायांत शाळेचे कॅनव्हासचे बूट. फोटो जरा हललाय, तरी अजून माझ्या टेबलावर आहे. चेहऱ्यावर तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं असायचं. नाक आजीचं, पुटकुळ्यांना चंदन लाव. पाठीबद्दल कुणी काही बोलत नसे.

देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला २०१२ मध्ये जाईपर्यंत कित्येक वर्षं आपल्याच वडोदऱ्यात राहिल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. जे. जे. कला महाविद्यालयात शिकताना त्यांनी सोबतच्या मुलींचे फोटो काढले होते. ते लेकीला जरूर दाखवा. मुलींकडे मुलीनेच पाहिलं की काय दिसतं, ते तिला कळेल.

दर महिन्याला तिच्या पसंतीचे चार फोटो छापून आणायला पैसे द्या. ती वहीत चिकटवेल. वही तुम्ही उघडू नका. एक मात्र स्पष्ट सांगा : कुणी फोटो मागितला, धमकावलं, तर आधी माझ्याकडे ये, मी रागावणार नाही. आणि हे शब्द पाळा.

पैठणी तिला एकदा नीट नेसवून द्या, निऱ्या खालून धरा. मग दार ओढून बाहेर या.