सिझेरियनचा छेद: ब्लेड की डायथर्मी?

आधी ब्लेडवर हात बसव. त्वचेवर डायथर्मी (विजेच्या उष्णतेने कापणारं मशीन) वापरायचीच असेल, तर बारीक टोकाचा इलेक्ट्रोड घे, कटिंग (कापायचा) मोड लाव आणि त्वचा दोन्ही बाजूंनी नीट ताण. टोक एका जागी रेंगाळलं की कडा पांढरट, कडक होतात. पुढे जखम तिथेच कुरकुरते. कोॲग्युलेशन (रक्त गोठवायच्या) मोडने त्वचा कापायची नाही, कधीच. डायथर्मीने छेदाचा रक्तस्राव थोडा कमी होतो. संसर्ग दोन्हींत साधारण सारखाच, उगाच वाद घालू नकोस. स्पिरिटचं प्रेप (छेदाआधी त्वचेला लावायचं जंतुनाशक) असेल तर किमान 3 मिनिटं सुकू दे, कमरेखाली साचलेलं पुसून घे, नाहीतर पेट घेतं. पेशंट प्लेट (मशीनची वीज परत नेणारी, अंगाला चिकटवायची पट्टी) पूर्ण चिकटली का, स्वतः बघ. बाळाचे ठोके घसरले असतील तर मशीनची वाट बघत बसू नकोस. आणि गर्भाशयावर? तिथे ब्लेडच.