निधन झालेल्या आजोबांवर लेख लिहितोय, ते कवी होते. 'होते' लिहावे की 'आहेत'?
आजोबांच्या आयुष्याबद्दल भूतकाळ वापरा आणि त्यांच्या छापलेल्या कवितांबद्दल वर्तमानकाळ. मुद्रितशोधन करताना मी हीच रूढी पाळतो: घटना घडून गेलेल्या असतात, पण लेखन आजही वाचणाऱ्यासमोर असते. म्हणून ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशात पूर्ण झाली असे लिहून पुढच्याच वाक्यात 'ज्ञानेश्वर म्हणतात' बिनधास्त चालते. सवयींसाठी मात्र 'ते पहाटे उठले' नको, 'पहाटे उठत' किंवा 'उठायचे' लिहा. माणसाची रोजची राहणी त्याच रूपात उमटते आणि स्मरणलेखाचा जीव तिथेच असतो. हयात माणसांना चुकूनही 'होते'मध्ये ढकलू नका. 'त्यांना दोन मुली होत्या' वाचून मुलीही गेल्या असे वाटू शकते; 'त्यांच्या पश्चात दोन मुली आहेत' लिहा. एक अपवाद आहे. प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा असेल, तर '१८४८ साल. सावित्रीबाई पुण्यात मुलींना शिकवू लागतात' अशी वर्तमानकाळातली मांडणीही चालते, फक्त तो प्रसंग संपेपर्यंत काळ बदलू नका.