घरात ‘परवडत नाही’, बाहेर ‘असू दे, मी देतो’

“मॅडम, मला कसलंही व्यसन नाही. तंबाखूसुद्धा नाही. पगार वेळेवर होतो. तरी वीस तारखेनंतर खात्यात काही उरत नाही. पैसा जातो कुठे, तेच कळत नाही.”

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण समुपदेशक म्हणून हे गाऱ्हाणं मी कितीतरी वर्षं ऐकते आहे. शाळेतल्या शिक्षिका, बँकेतली तरुण मुलं, नुकतं लग्न झालेली जोडपी, सगळ्यांकडून. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी ते माझ्यासमोर मांडलं, आणि तिघांनीही शेवटी तोच प्रश्न विचारला: “काटकसर नेमकी कुठे करू?” त्या तिघांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. त्यासाठी मला दत्तात्रय यांची गोष्ट सांगावी लागेल. नाव आणि काही तपशील बदललेत आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे. नऊ भेटींतलं मोजकंच इथे येईल.

दत्तात्रय अडतीस वर्षांचे. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला चिंचवडला, मूळ गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातलं. हातात येणारा पगार अठ्ठावन्न हजार. घराचा हप्ता साडेएकोणीस. दोन क्रेडिट कार्डं, त्यातल्या एकावर साठ हजारांची थकबाकी. पहिल्या भेटीला ते आले तेव्हा हातात कंदी पेढ्यांचा एक किलोचा बॉक्स होता. मी म्हटलं, “हे कशाला?” ते पटकन म्हणाले, “पहिल्यांदाच येतोय, रिकाम्या हाताने कसं यायचं?” मी बॉक्स बाजूला ठेवला आणि वहीत फक्त दोन शब्द टिपून ठेवले: ‘रिकाम्या हाताने’.

कार्डाचा प्रश्न आधी हातावेगळा केला, कारण तो भावनेचा कमी आणि गणिताचा जास्त होता. ते दर महिन्याला बिलावरची ‘किमान रक्कम’ भरत होते आणि आपण कर्ज फेडतो आहोत असं त्यांना वाटत होतं. कागदावर मांडून दाखवलं. साठ हजारांवर तीन हजार भरले, राहिले सत्तावन्न. त्यावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,९९५ रुपये व्याज, व्याजावर १८ टक्के जीएसटीचे आणखी ३५९. म्हणजे भरलेल्या तीन हजारांतून कर्ज हललं ते जेमतेम साडेसहाशेनं. शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ते कागदाकडे बघत राहिले. कार्ड त्याच दिवशी कपाटात गेलं आणि कारखान्यातल्या पतसंस्थेचं कमी व्याजाचं कर्ज काढून थकबाकी मिटली. पण मला माहीत होतं की मूळ तसंच राहिलं तर वर्षभरात कार्ड पुन्हा भरेल.

काटकसरीपासून मी कधीच सुरुवात करत नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ आणि ‘ऋण काढून सण करू नये’ हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ असतं. पाठ असूनही जमलेलं नसतं, म्हणून तर ती माणसं येतात. त्यांना तेच पुन्हा ऐकवलं की ती फक्त आणखी शरमिंदी होतात, आणि शरमिंदा माणूस हिशेबाच्या वहीकडे बघतच नाही.

म्हणून विचारलं, “तुम्हाला आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं?”

“आई. मुलगी. मग माणसं जोडणं.” उत्तर क्षणात आलं.

“आई महत्त्वाची, म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?”

इथे ते अडखळले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “तिला एकटं वाटू नये. दीड-दोन महिन्यांनी जाऊन चार दिवस राहावं. घराचे पत्रे गळतात, ते बदलावेत.” प्रेम, कर्तव्य, कुटुंब असे मोठे शब्द मी वहीत उतरवत नाही. ‘पत्रे बदलावेत’ हे मात्र उतरवून घेतलं. मूल्य असं हाताला लागेल इतकं लहान करून घेतलं, तरच त्याच्यासाठी पैसे बाजूला ठेवता येतात.

पुढच्या भेटीला ते तीन महिन्यांचं स्टेटमेंट छापून घेऊन आले. यूपीआय २०१६ साली आलं, आणि तेव्हापासून चहापासून भाजीपर्यंत सगळ्याची नोंद आपोआप राहते. आपण दिवसभर कुणाचं मन राखलं, कुणाला घाबरलो, याची इतकी खरी रोजनिशी आपण स्वतः कधी लिहिली नसती. मी त्यांना पेन्सिल दिली आणि सांगितलं की ज्या नोंदी तुमच्या त्या यादीशी जुळतात, त्यांच्यापुढे खूण करा.

तीन महिन्यांत आईच्या खात्यावर एक मोबाईल रिचार्ज निघालं. गावी एक फेरीही नव्हती. मुलीच्या नावापुढे शाळेची फी आणि एक वाढदिवस, तोही हॉल घेऊन, सव्वीस हजारांचा. आणि मग ओळीनं ढाबा, हॉटेल, केक, सहकाऱ्याच्या बहिणीच्या लग्नाचा आहेर, कुणाला हातउसने, पुन्हा ढाबा.

“वाढदिवसाला किती माणसं होती?”

“ऐंशी.”

“मुलीच्या मैत्रिणी किती?”

“सहा-सात असतील.” मग आपणहून म्हणाले, “तिला पोहण्याचा क्लास हवा होता. मी परवडत नाही म्हणालो. ती बायकोला म्हणाली, बाबा घरात ‘परवडत नाही’ म्हणतात आणि बाहेर ‘असू दे, मी देतो’ म्हणतात.” मुलगी नऊ वर्षांची. माझ्या निम्म्या भेटींचं काम तिनं एका वाक्यात केलं होतं.

खूण न झालेल्या नोंदींपुढे मी एकच प्रश्न लिहायला सांगितला: हा खर्च केला नसता तर काय झालं असतं? हा प्रश्न मी अनेक वर्षं घासूनपुसून इथवर आणला आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो, कारण त्याला आकड्यांत उत्तर देता येत नाही. दत्तात्रय यांनी तीसेक नोंदींपुढे एकच उत्तर लिहून आणलं: ‘लोक काय म्हणाले असते.’

“काय म्हणाले असते?”

“चिंगूस म्हणाले असते.”

“आणि म्हणाले, तर?”

त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं. चौथीत असतील. दुष्काळाचं वर्ष. वडिलांनी पिशवी देऊन दुकानात पाठवलं, तर दुकानदारानं सगळ्यांसमोर उधारीची वही उघडून आधीचं मिटवायला सांगितलं. रिकामी पिशवी घेऊन ते घरी आले. “त्या दिवशी ठरवलं, मोठा झालो की कुणापुढे हात आखडायचाच नाही.”

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडले आहे. त्या पद्धतीचं सार मराठीत सांगायला एक अक्षर पुरतं, ‘च’. द्यायला आवडतं, हे ठीक. दिलंच पाहिजे, आखडायचाच नाही, नाव राहिलंच पाहिजे, इथे गाठ बसते. आठ-नऊ वर्षांच्या त्या मुलानं स्वतःला वाचवायला तो ‘च’ लावला होता. अडतीसाव्या वर्षी त्याची किंमत दर शुक्रवारी ढाब्यावर मोजली जात होती.

हे त्यांना पटलं. पण पटणं आणि वागणं यांच्यात मोठी दरी असते. म्हणून मी त्यांना एक काम दिलं. शुक्रवारच्या जेवणात जो सहकारी सगळ्यात जवळचा आहे, त्याला सहज विचारायचं: मागच्या महिन्यात आपण जेवलो, तेव्हा बिल कुणी दिलं होतं?

पुढच्या भेटीला ते आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मला वाटलं, घरी काही बिनसलं. मग हळूच म्हणाले, “विचारलं मी. तो दोन मिनिटं विचार करत होता. म्हणाला, मीच दिलं असेल की रे.”

दोन हजार एकशे चाळीस रुपये. तारीख, वेळ, सगळं स्टेटमेंटवर होतं. दत्तात्रय यांनीच दिले होते आणि त्या शुक्रवारी घरी जाऊन कोथिंबीर महाग घेतली म्हणून बायकोवर ओरडले होते.

ते हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसले. “मॅडम, मी कुणासाठी करत होतो हे?”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प राहावं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. मी समजावत बसले असते तर तो क्षण माझा झाला असता. तीस वर्षं ज्या साक्षीदारांच्या धाकानं त्यांनी हात सैल ठेवला होता, त्यांचं लक्षच नव्हतं, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं होतं. तिथे मी घातलेली कोणतीही भर कमीच पडली असती.

माझ्याही एक गोष्ट त्या दिवशी नव्यानं लक्षात आली. दत्तात्रय यांचं दातृत्व खोटं नव्हतं. बरोबरच्या एका मजुराच्या ऑपरेशनला त्यांनी पाच हजार दिले होते, आणि ते सांगताना त्यांचा आवाज वेगळा होता, शांत. स्टेटमेंटवर दातृत्व आणि भीती दोन्ही सारखीच दिसतात, नुसती वजा झालेली रक्कम. फरक नंतर कळतो. मनापासून दिलेलं आपण पुन्हा आठवत बसत नाही. भीतीनं दिलेलं घरी येतं आणि कोथिंबिरीवर निघतं. तेव्हापासून मी सगळ्यांनाच विचारते: पैसे दिल्यावर तासाभरानं तुम्ही कसे होता?

मग पुढचं काम. एका शुक्रवारी ताटं उचलली जात असताना म्हणायचं, “आज टीटीएमएम.” तुझं तू, माझं मी, कॉलेजातली मुलं रोज म्हणतात ते. आम्ही खोलीत त्याची चार वेळा तालीम केली. लाज वाटेल अशी निरुपद्रवी गोष्ट मुद्दाम करून बघायला एलिसही लोकांना सांगत. दत्तात्रय यांच्या तळहाताला घाम आला, आवाज चिरकला. पण तिघांनी फोन काढले, स्कॅन केलं, आणि गप्पा पुढच्या महिन्याच्या शिफ्टवर गेल्या.

आता वाचणाऱ्यांसाठी. तुम्हालाही वीस तारीख छळत असेल, तर ॲप, तक्ते, टक्केवारीची सूत्रं यांच्यामागे लगेच धावू नका. आधी तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा, कागदावर, फोनवर नको, कारण फोनवर बोट सरकतं आणि नजरही सरकते. तुम्हाला मोलाच्या वाटणाऱ्या तीनच गोष्टी लिहा, पण ‘पत्रे बदलावेत’ इतक्या ठोस. पगार झाला की पहिल्याच दिवशी या तिघींचे पैसे वेगळ्या खात्यात टाका, रक्कम लहान असली तरी. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हणणाऱ्यांचं उरलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. बाहेरच्या, चारचौघांतल्या खर्चाला रोख नोटांचं पाकीट ठेवा. दत्तात्रय यांनी महिन्याला तीन हजार ठेवले. नोट मोडताना हात जरा थबकतो, स्कॅन करताना थबकत नाही, आणि आपल्याला तेवढंच थबकणं हवं असतं. जोडीदार असेल तर ही यादी दोघांनी आधी वेगवेगळी लिहा आणि मग समोरासमोर ठेवा. दत्तात्रय यांच्या पत्नीच्या यादीत हॉलमधला वाढदिवस नव्हता, पुरणपोळीचा होता. बारा वर्षांच्या संसारात त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. खर्चाबरोबर झोप अगदी कमी झाली असेल, उत्साह आणि बोलणं एकदम वाढलं असेल, मोठमोठ्या योजना सुचत असतील, किंवा पैसा ऑनलाइन जुगारात जात असेल, तर हे स्टेटमेंट आणि पेन्सिलीचं काम नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहे, तिथेही बोलता येतं.

चैत्रात दत्तात्रय यांच्या गावची जत्रा असते. वर्गणी देणाऱ्यांची नावं आणि रक्कम लाऊडस्पीकरवरून पुकारली जाते. मागच्या वर्षी त्यांनी अकरा हजार दिले होते, कार्डावर उचलून, म्हणून नाव वरच्या पाचांत होतं. या वर्षी अकराशे दिले. नाव मधेच कुठेतरी आलं आणि गेलं. ते तेव्हा मंडपात नव्हते, घरावर पत्रे बसवत होते. चार दिवस राहिले. मुलगीही बरोबर होती, तिला पोहायला विहिरीवर नेलं. मे महिन्यापासून क्लास लावला आहे.

हे सगळं त्यांनी मला नवव्या, शेवटच्या भेटीत सांगितलं. पाऊण तास बोलले, पाणी प्यायले, फी दिली, निघताना दारात चपला घालून नमस्कार केला. जिना उतरून ते खाली गेले आणि मग माझ्या ध्यानात आलं की आज त्यांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांच्या तर ते लक्षातही आलं नव्हतं.