गिटार गेली कुठे?

प्रश्न : आवडत्या बँडनं गिटार सोडून सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर काढणारा सिंथेसायझर) धरला. नवा अल्बम ऐकवत नाही, फसवल्यासारखं वाटतं. माझा हट्ट आहे का हा?

उत्तर : थोडासा! पण तुम्ही एकटे नाही. १९६६मध्ये मँचेस्टरला साध्या गिटारवरच्या लोकगीतांसाठी गाजलेला गायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तर प्रेक्षकांतून ‘जुडास!’ (येशूला दगा देणारा, म्हणजे गद्दार) अशी आरोळी आली. त्यानं साथीदारांना आणखी जोरात वाजवायला सांगितलं. (मला हा उर्मटपणा आवडतो.) रेडिओहेड या रॉक बँडच्या ‘किड ए’ या इलेक्ट्रॉनिक वळणाच्या अल्बमनंही २०००मध्ये गिटारप्रेमींचा असाच हिरमोड केला. मी त्यातल्या ‘द नॅशनल अँथम’ या गाण्यातला बेस गिटारचा घरघरता खर्ज तेवढा पकडला आणि मग बाकीचं उलगडत गेलं. तुम्हीही हेडफोन लावून एकच वाद्य पकडा. तरीही नाहीच रुचलं, तर खुशाल जुनं ऐका.