आधी उलटा हात बंद कर

जालन्याच्या भावानं विचारलंय: लष्करात भरती होऊन आठ महिने झाले, रोज दाढी केली की मानेवर फोड उठतात, नाही केली तर फॉलिनला, म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर, बोलणी बसतात, करू काय? मी सतरा वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली चार अशीच मान खाजवत काढली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे केसतूड नाही, आणि अंघोळ कमी पडते म्हणूनही होत नाही. केस कातडीच्या लगत कापला की त्याचं टोक अणकुचीदार राहतं. वाढताना ते आतल्या आत रुततं, नाहीतर बाहेर येऊन वळतं आणि परत कातडीत घुसतं. शरीराला तो काटाच वाटतो, मग सूज. केस कुरळे असले की त्रास जास्त. थोडक्यात, दाढी जेवढी गुळगुळीत तेवढे फोड जास्त. आणि आपण करतो काय, तर फोड दिसले की अजून घोटून करतो!

गावाकडं सलूनमध्ये "उलटा हात मारू का?" विचारतात, म्हणजे केसांच्या वाढीच्या उलट दिशेनं पातं, आपण मान डोलावतो, वरून तुरटी फिरवून घेतो. लग्नाच्या दिवशी ठीक आहे. तुरटीनं कापलेल्याचं रक्त थांबतं, आत वळलेल्या केसाला तिचं काही नाही. दोन-तीन पात्यांच्या रेझरचंही तेच: पुढचं पातं केस ओढतं, मागचं कापतं, उरलेला केस आत सरकतो. साधं एका पात्याचं घे, दाबू नको, कातडी ताणू नको, एका जागी दोनदा फिरवू नको. बोटाला थोडी खरखर लागली तर लागू दे, तपासणारा डोळ्यानं बघतो.

आता खरी गोष्ट. सुट्टीवर आलास की तीन दिवस दाढी वाढू दे आणि आरशासमोर मानेवरून सावकाश बोट फिरव. बोट सरकन जातं ती सुलटी बाजू, अडतं ती उलटी. पातं सुलट्या बाजूनंच फिरव. माझ्या गालावरचे केस खाली जातात, कंठाच्या डावीकडचे कानाकडं आडवे, आणि कॉलरपाशी चक्क वर. मी चार वर्षं सगळीकडं वरून खाली हात ओढत होतो, सुलटा समजून. कॉलरपाशी तो रोज उलटाच पडत होता, आणि फोडही बरोबर तिथंच!

दाढी अंघोळीनंतर कर, केस मऊ पडलेले असतात. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याला फेस धरत नाही, तिथं क्रीम जास्त घे आणि दोन-तीन मिनिटं तसंच राहू दे. पाच मिनिटांत सगळं उरकायचं तर आदल्या रात्री ब्लेड बदलून ठेव, बोथट पातं सगळ्यात वाईट. आत अडकलेला केस दिसला तर स्वच्छ सुईनं नुसतं टोक वर काढ. चिमट्यानं उपटलास की नवा केस परत आतच रुततो.

मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणू नको. मी आणली होती, स्टेरॉइडची निघाली. आठवडाभर मान छान दिसली, मग नायटा पसरला तो निस्तरायला तीन महिने गेले. एवढं करूनही फोड पिकत असतील, गाठी धरत असतील, तर सिक रिपोर्ट कर, म्हणजे आजारी म्हणून नोंद कर, आणि एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) एमओला, म्हणजे तिथल्या डॉक्टरला, मान दाखव. यात लाजायचं काय? महिनाभर पातं लावलं नाही तर बरेचसे केस आपोआप मोकळे होतात, पण ती सूट लेखी घे. नौदलात परवानगी काढून दाढी ठेवता येते, लष्करात शीख जवान ठेवतात, तुझ्यामाझ्या हातात तो कागदच. काही जणांना डॉक्टर ट्रिमर वापरायला सांगतात, त्यानं केस कातडीच्या वर थोडा राहतो. तसं असेल तर तेही चिठ्ठीवर लिहून घे.

बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल दिलं तर रात्री लाव आणि उशीला जुनं फडकं टाक. ते कापडाचा रंग खातं. माझ्या एका चांगल्या शर्टाच्या कॉलरवर अजून पांढरे डाग आहेत.