एकट्याने भूमध्य समुद्रातील क्रूझ करताना बंदरांवर स्वतः फिरता येते का?

ठाण्याहून एकट्याने निघालेल्या प्रवाशाला जहाजाची महागडी सहल न घेता बंदरांवर फिरता येईल का, या प्रश्नाचे उत्तर बंदरागणिक बदलते. इटलीतील नेपल्समध्ये जहाज शहराला खेटूनच लागते आणि गारिबाल्डी स्थानकातून सुटणारी लोकल सुमारे ४० मिनिटांत पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांपाशी पोहोचवते. ठाणेकराला तिथली गर्दी परकी वाटणार नाही, पण पाकीट पुढच्या खिशातच असावे. रोमचे तसे नाही. जहाज थांबते ते चिवितावेक्किया येथे, म्हणजे रोमपासून साधारण ठाणे ते लोणावळा इतक्या अंतरावर, त्यामुळे परतीची एक गाडी चुकली तरी दुसरी मिळेल इतका वेळ हाताशी ठेवावा, कारण स्वतंत्रपणे उतरलेल्या प्रवाशासाठी जहाज खोळंबत नाही. लिव्होर्नो बंदरातून फ्लॉरेन्स शहरात जाणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

खर्चाचे म्हणाल, तर केबिनचे दर दोघांच्या हिशेबाने असल्याने एकट्याला अनेकदा जवळजवळ दुप्पट भाडे पडते. मार्गात तुर्कस्तानातील कुशादासी असल्यास शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा) बहुप्रवेशाचाच घ्यावा, कारण तिथून ग्रीस किंवा इटलीत परतणे हा नवा प्रवेश ठरतो.